तुझ्या शब्दावर घेतलेलं कॉइन

प्रिय आई,

तुला जाऊन आठ महिने झाले. आज सकाळी तुझ्या नावानं फोन आला, म्हणून लिहितेय. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. "ताई, तुमच्या आईचं मोबाइलवरचं जुनं डिजिटल कॉइन बंद झालं. आमचं नवीन आलंय. वारस म्हणून सही करा, थोडे पैसे भरा, जुन्याच्या बदल्यात नवं मिळंल."

खरं सांगू? क्षणभर मला वाटलं, भरावेत! एवढं सगळं होऊनही! तुझी लेक कधी शहाणी होणार गं?

जालन्याच्या मंगल कार्यालयातली ती सभा आठवते? मीच तुला राजूरहून बोलावून घेतलं होतं. तू ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आलीस. स्टेजवरचा माणूस सांगत होता, बाकीच्यांची कॉइन खोटी, आपलंच खरं, रोज चढणारं. लोक टाळ्या वाजवत होते अन् तू मध्येच उभी राहिलीस. "पर भाऊ, ह्याच्यानं आमच्या गावात चहापत्ती मिळंल का?"

सगळा हॉल हसला. आई, मीही हसले. पदर ओढून तुला खाली बसवलं.

परत येताना ऑटोत तू विचारलंस, "मंग त्याला किंमत कोण देतं?"

मी म्हटलं, "लोकांचा विश्वास. नोटेला तरी दुसरं काय असतं?"

तू कनवटीची दहाची नोट काढून उलटसुलट पाहिलीस. मग म्हणालीस, "नोट दुकानदार घेतो की!"

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण तूही पुढे का नाही भांडलीस? लेक शिकलेली, जुन्या जालन्यात शिवणकामाचं दुकान चालवते, तिला कळत असंल, असंच ना?

तुझ्या बचत गटातल्या अकरा बायकांनी तर ते कॉइन फोनवरही पाहिलं नव्हतं. "आक्का म्हणते तर बराबरच असंल," एवढ्यावर त्यांनी पैसे दिले. राजूरात किंमत कॉइनला नव्हतीच गं, तुझ्या शब्दाला होती. हे मला फार उशिरा कळलं.

कॉइन पडलं तेव्हा मी म्हणाले, थांब, परत चढेल. तू थांबली नाहीस. एकेकीच्या दारात गेलीस. "माझ्याच सांगण्यावरनं दिलं तुम्ही. चूक माझी." ते तुझ्यापर्यंत मी आणलं, हे कुणालाच सांगितलं नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, "तुला अजून दुकान चालवायचंय. माझं काय!"

पुढच्या महिन्यात बैठकीला तू सतरंजी अंथरलीस. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही अंथरलीस! मग ते छातीत दुखणं. का नाही कुणाला हाक मारलीस? भिंतीपलीकडे गटातलीच गयामावशी होती ना!

आज फोन ठेवला अन् वाटलं, हा माणूस गटातल्या बायकांनाही फोन करत असणार. तशीच राजूरची बस धरली. गयामावशीनं पैसे भरूनही टाकले होते, दोन्ही शेळ्या विकून.

"मावशी, हेही बुडणार," मी म्हटलं.

शेळ्यांची दावी गुंडाळत ती म्हणाली, "तुझ्या मायनं बुडवलं आम्हाला. आता तू शिकवून राह्यली? ह्या नव्यातनं तरी निघू दे आमचं."

ओठांवर आलं होतं, आईनं न्हाई, मी! पण गिळलं. सांगून काय शेळ्या परत येणार आहेत, अशी स्वतःची समजूत घातली अन् परतीच्या बसमध्ये बसले. तू गेल्यावरही मी तुझ्याच आड लपले, आई.

आता तिथं माझं कुणी ऐकणार नाही. हे कॉइन पडेल, मग तिसरं येईल, त्याच बायका त्यातही भरतील. मला ते थांबवता येणार नाही. तुझं नाव पहिल्यासारखं होईल, असंही वाटत नाही.

तरी एक वचन देते. येत्या रविवारी अकराही दारांत जाईन आणि सांगेन, ते कॉइन माझ्या आईनं नाही, मी आणलं. सुरुवात गयामावशीपासून. तिनं दार लावून घेतलं, तर बाहेर उभी राहून सांगेन.

जिचं नाव तू शेवटपर्यंत घेतलं नाहीस, ती तुझी
वैशू