सत्त्याहत्तर वेळा ‘ठीक आहे’

ती. दादांस,

साष्टांग नमस्कार. (उजवं मनगट अजून पुरतं वळत नाही, तेव्हा आठातलं एक अंग कच्चं धरावं.) तुमचा गुडघा जिन्यावर कुरकुरतो असं वहिनींनी कळवलं होतं, निदान सपाटीवर तरी तो आता गप्प असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही दोघं तब्येतीने बरे आहोत. बाकी बाबतींत बरे आहोत की नाही, ते पुढे वाचून तुम्हीच ठरवा. संगणक बिघडला तर फोनवर ‘ते काहीतरी आलंय’ असं सांगायचं नाही, पडद्यावर जे आलं ते अक्षरशः लिहून पाठवायचं, हा तुमचा दंडक मी पाळतो आहे. शिवाय आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं, आणि सगळे म्हणजे तुमची बहीण.

तर अक्षरशः (फाइलचं इंग्रजी नाव तेवढं वगळून). तुम्ही बसवून दिलेल्या लिनक्सवर मी माझ्या खात्यात शिरू लागलो की लॉगिन मॅनेजर (तुम्ही ज्याला द्वारपाल म्हणता तो) एक चौकट दाखवतो : ‘वापरकर्त्याच्या अमुक फाइलकडे दुर्लक्ष करण्यात येत आहे. होम फोल्डर वापरकर्त्याच्याच मालकीचा असावा व इतर कोणासही त्यात लिहिता येऊ नये.’ खाली एकच बटण, ‘ठीक आहे’. ते दाबलं की संगणक नेहमीसारखा सुरू होतो, जसं काही घडलंच नाही. माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. दवाखान्यांतले, दुकानांतले, कारखान्यांतले काटे आमच्या प्रयोगशाळेत येतात आणि ते खरं बोलतात की नाही हे मी प्रमाणित वजनं ठेवून पाहतो. काटा अर्ध्या ग्रॅमने जरी लटपटला तरी परत पाठवायचा, ही अठरा वर्षांची सवय. अशा माणसाने रोज सकाळी इशारा वाचून त्याखाली ‘ठीक आहे’ म्हणायचं म्हणजे रोज एक खोटी सही करण्यासारखंच. अकरा आठवडे मी ती केली. सत्त्याहत्तर वेळा. (आकडा रोजनिशीतून मोजला आहे.) तुमच्या बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, “अरे, दाब आणि पुढे हो. कुत्रा भुंकतो म्हणून कुणी घर बदलत नाही.” कुत्रा कुणावर भुंकतोय हे तरी बघावं की नाही?

हे मुळात कुठून आलं, ते तुम्हाला आठवत असेलच. पाच महिन्यांपूर्वी माझं मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये गेला आणि रोजनिशी बंद पडायची वेळ आली. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून एक दिवस चुकलेला नाही. तेव्हा तुम्हीच फोनवरून तोडगा सांगितलात : माझा फोल्डर सर्वांना लिहिता येईल असा मोकळा करायचा, म्हणजे ही तिच्या खात्यात बसून माझी रोजनिशी उतरवून घेईल. “तात्पुरतं, आठ-पंधरा दिवस,” असं तुमचं वाक्य मी नोंदवलेलं आहे. तिने त्यासाठी टंकायची आज्ञा एका कार्डावर लिहून कीबोर्डखाली ठेवली. दादा, नवऱ्याने बायकोला स्वतःची रोजनिशी सांगायची आणि तिने ती टंकायची, हा प्रकार शत्रूवरही येऊ नये. ‘आज भाजी खारट होती’ एवढं सांगायला मला दहा मिनिटं लागली आणि शेवटी मी ‘आज हवा बरी होती’ असं सांगितलं. प्लास्टर निघालं, मी पुन्हा स्वतः लिहू लागलो, मन मोकळं करू लागलो. आणि त्याच सकाळी, इतक्या दिवसांनी माझ्या खात्यात शिरताना, हा इशारा पहिल्यांदा दिसला. फोल्डर उघडाच राहिला होता.

गेल्या बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो, ती तो बंद करायलाच. (कारण ‘घरगुती काम’ असं लिहिलं. ते खोटं नव्हतं, असं मी स्वतःला दोनदा विचारून घेतलं.) लिनक्सवाल्यांच्या एका मंचावर ‘जुना खिळा’ नावाने लिहिणाऱ्या गृहस्थांनी मला आज्ञा दिली होती. सोबत ताकीद होती की ती आपल्या फोल्डरच्या आत उभं राहूनच द्यावी. मी एक पायरी वर, सगळ्यांचे फोल्डर ज्यात असतात तिथे, उभा होतो. एका क्षणात माझ्या फोल्डरचीच नव्हे, तर शेजारच्या तुमच्या बहिणीच्या फोल्डरचीही सगळी मालकी माझ्या नावावर झाली, आणि बाकी सर्वांना दार बंद. हे मला कळलं नाही. मला एवढंच कळलं की मी बाहेर पडून पुन्हा आत शिरलो आणि द्वारपाल अवाक्षर बोलला नाही. मी चहा केला. रोजनिशीत लिहिलं, ‘सत्त्याहत्तर दिवसांनी निर्दोष.’

साडेपाचला ही आली. तिचं त्या दिवशीचं काम तुम्हाला सांगायलाच हवं. पुलांच्या इतिहासावरचं सहाशे पानांचं पुस्तक, त्याच्या शेवटची सूची ही करत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला छापखान्यात पोचायलाच हवी होती, नाहीतर पुस्तक सूचीविना छापलं जाणार होतं. सात आठवड्यांचं काम. पेन ड्राइव्हवरची प्रत निम्म्यावर थांबलेली. ती बसली, पासवर्ड टाकला, पडदा काळा झाला आणि पुन्हा लॉगिनचाच पडदा समोर आला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच : द्वारपाल आत घेतो आणि त्याच पावली बाहेर आणून उभं करतो. मी दारात कप घेऊन उभा होतो. आपण काय करून बसलोय ते दुसऱ्याच वेळी माझ्या ध्यानात आलं. तिसऱ्यांदा तिने पासवर्डाचा शेवटचा आकडा बदलून पाहिला, तेव्हा ‘पासवर्ड चुकीचा’ असं आलं. चौथ्यांदा जुना पासवर्ड टाकला, तोही चुकीचा. मग तिने हात मांडीवर ठेवले आणि पडद्याकडे बघत, अगदी हळू म्हणाली, “आईचं असंच सुरू झालं होतं, नाही? कुलपाच्या आकड्यांपासून.”

दादा, तुमच्या आईंचं शेवटचं, सगळं विसरत गेलेलं वर्ष तुम्ही दोघांनी काढलंत. मी नुसता पाहुण्यासारखा येत-जात होतो. तरी ते वाक्य कुठून आलं ते मला कळलं. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. पण आधी दुरुस्त करावं आणि मग सांगावं, असा हिशेब मी मनात मांडत होतो (हा हिशेब भित्रेपणाचा होता, हे आज लिहिताना कळतं, तेव्हा तो मला जबाबदारपणाचा वाटला). मी म्हणालो, “थोडं थांब, संगणक तापला असेल.” तापलेला! ती उठून खिडकीशी गेली आणि बोटांवर काहीतरी मोजू लागली. नंतर कळलं, ती शाळेतल्या बाईंची नावं आठवून पाहत होती. मी तब्बल वीस मिनिटं गप्प बसलो. चौथीच्या बाईंच्या नावाशी ती अडली तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, “तू काही विसरलेली नाहीस. मी केलंय.”

तिने वळून पाहिलं. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, “मग मघापासून मूग गिळून काय बसला होतास? मी इथे वेडी व्हायची वेळ आली!” मी म्हणालो, “आधी दुरुस्त करावं म्हणून...” “इशारा तुझा, फोल्डर तुझा, आणि बाहेर उभी मी! तराजू तपासता तपासता गिऱ्हाइकालाच दुकानाबाहेर काढलंस की रे!” मी कीबोर्डकडे हात नेला तर तिने तो बाजूला केला. “तू हात लावू नकोस. तू सांग, मी टंकते.” म्हणून मग मी सांगितलं आणि तिने टंकलं, प्लास्टरच्या दिवसांसारखंच, फक्त या वेळी प्रत्येक अक्षर ती मोठ्याने उच्चारून घेत होती आणि मला खरं तेवढंच सांगावं लागत होतं. तिच्या फोल्डरची मालकी तिच्याकडे गेली. ती पाचव्यांदा आपल्या खात्यात शिरली आणि सूची होती तशी समोर आली, अगदी शेवटच्या ‘ज्ञ’पर्यंत. सूची गुरुवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पोचली. चौथीच्या बाईंचं नाव तिला भात वाढताना आठवलं आणि तिने ते मला तीनदा सांगितलं.

गुरुवारी सकाळी मी संगणक लावला तर द्वारपालाची चौकट पुन्हा हजर. अठ्ठ्याहत्तर. कीबोर्डखालचं, फोल्डर मोकळा करायच्या आज्ञेचं कार्ड तिरकं झालं होतं, तेव्हा कोणी, केव्हा, हे विचारायचं कारण नव्हतं. आत जाऊन रोजनिशी उघडली. बुधवारच्या नोंदीत मी लिहिलं होतं, ‘चूक लक्षात येताच ताबडतोब तिला सांगितलं.’ त्याखाली एक ओळ होती, जी माझी नव्हती : ‘ताबडतोब नाही. चौथ्या वेळेनंतर वीस मिनिटांनी.’

मग मी मागची सगळी पानं चाळली. अकरा आठवड्यांत अशा चौदा ओळी निघाल्या. ‘भाजी खारट नव्हती, तुझं तोंड आलं होतं.’ ‘हे मी म्हटलं नव्हतं, शेजारीण म्हणाली.’ एका पानावर मी साहेबांवर चिडल्याचं दीड पान लिहिलं होतं, त्याखाली नुसतं : ‘चिडला नव्हतास. घाबरला होतास.’ मी दिवसभर कामावर त्या चौदा ओळी मनात धरून बसलो, प्रत्येकीत खोट काढायचा प्रयत्न केला. एकीतही सापडली नाही. अर्ध्या ग्रॅमचीसुद्धा. मी तिला अजून काही बोललेलो नाही, आणि तीही नाही. माझी रोजनिशी परवानगीवाचून वाचली याचा राग यायला हवा, हे मला समजतं. तो कुठे गेला ते शोधतो आहे.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक सोडू नका.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. : मूळ विचारायचं राहिलंच. फोल्डर सर्वांना लिहिण्यासाठी उघडा ठेवून द्वारपालाचा तो इशारा तेवढा बंद करता येतो का? येत असेल तर आज्ञा कार्डावर लिहून पाठवा, आणि ती कोणत्या पायरीवर उभं राहून द्यायची तेही.

ता. क. २ : या पत्राबद्दल तुमच्या बहिणीला काही कळवू नये.

ता. क. ३ : दादा, वर जिथे ‘वीस मिनिटं’ आहे तिथे याने ‘पाच-सात मिनिटं’ लिहिलं होतं. मी दुरुस्त केलं. पत्रही त्याच फोल्डरमध्ये आहे, हे त्याच्या लक्षात कसं येत नाही कोण जाणे. इशारा बंद करायची आज्ञा मात्र पाठवू नकोस. या घरात तो माणूस दिवसातून एकदाच ‘ठीक आहे’ म्हणतो, तेवढं राहू दे.
— तुझी धाकटी