शेवटचा दगड

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आम्ही ठीक आहोत असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरे तर नाही. अण्णांनी आज एकोणचाळीस दिवस दाढी केलेली नाही. न्हाव्याने दाढी वाढवून दुकानात बसणे म्हणजे गिऱ्हाइकाचा अपमान, हा नियम त्यांचाच. म्हणून ते मागच्या खोलीत पडदा ओढून बसतात आणि कुणी विचारायला आले की झोपल्याचे सोंग घेतात.

अर्धांगाच्या झटक्यातून ते बरे झाले. चालतात, बोलतात, हात वर करतात. पण रक्त पातळ करायच्या गोळ्यांमुळे साधे खरचटले तरी अर्धा तास वाहते. डॉक्टर म्हणतात, मशीन फिरवा. अण्णा म्हणतात, मशीन गवतावर फिरवा. मग मी वस्तरा तयार करून पुढे धरते, ते धारेवर अंगठा आडवा फिरवतात आणि म्हणतात, शेवटचा दगड लागलेला नाही. रोज तेच.

त्यांना शेवटची बारीक धार लावायचा तो पिवळा दगड हवा आहे. सहा वर्षांपूर्वी तू तिकडे दुकान काढलेस तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने तुझ्या पिशवीत घातला, तोच. मी तेव्हा बाजूलाच उभी होते, वस्तरे पुसत. त्याआधी पाच वर्षे मी त्यांच्या हाताखाली काम करत होते, पण दगड मुलाला आणि दुकान सांभाळायला मुलगी! जाऊ दे. दगड तेवढा लगेच पाठव.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर रागावलास तरी चालेल, विसरू नकोस म्हणजे झाले.
बारकी

११ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून काळजी वाटली, आणि खोटे कशाला बोलू, रागही आला. मी दगड पळवून आणला असे वाटावे, अशा भाषेत लिहिले आहेस. अण्णांनी दिला, मी घेतला.

तो जुना दगड टपालाने पाठवणे धोक्याचे आहे, वाटेत फुटला तर पुन्हा मिळायचा नाही. त्यापेक्षा सोबत नवा पांढरा दगड पाठवतो आहे. कारखान्यात बनवलेला, अगदी बारीक कणांचा, दोन्ही बाजू आरशासारख्या सपाट. पाणी शिंपड, वीसच हात मार, धार अशी येईल की केस हवेत कापला जाईल. आता जग पुढे गेले आहे हे तुम्ही दोघांनी मान्य करा.

आणि एक विचारतो. सहा वर्षे तुमचे दुकानात उरलेल्या त्या काळ्या दगडावर चाललेच ना? मग अण्णांना आत्ताच पिवळा कसा आठवला?

अण्णांना साष्टांग नमस्कार. तुझी जीभ जरा सांभाळ, बाकी माया आहे ती आहेच.
दादा

२० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा आरसा मिळाला. वीस हात मारले. केस हवेत कापला गेला, पण आपण हवेची दाढी करत नाही. आधी माझ्या हातावर फिरवून पाहिला, मग औषधवाल्या काकांची दाढी केली. बिचारे वीस वर्षे आपल्याकडे येतात, कधी तक्रार नाही. काल गालाला ओला रुमाल लावून परत आले आणि विचारू लागले की माझे काही चुकले का. धार तीक्ष्ण आहे रे, पण बोचरी आहे. केसाबरोबर कातडीही खरवडते. अण्णांचे गाल आता कांद्याच्या पापुद्र्यासारखे झालेत, तिथे ही धार लावू?

अण्णांनी अंगठा फिरवला आणि पुन्हा तेच म्हणाले. आत्ताच का आठवला, याचे उत्तर मला माहीत नाही. त्यांची कातडी त्यांना ठाऊक. तू तिथे बसून अक्कल पाजळू नकोस. फुटेल म्हणतोस, तर कापसात गुंडाळ, नाहीतर स्वतः घेऊन ये. काल पडद्याआड ते हाताने गाल झाकून बसले होते. मला पाहून हात खाली घेतला. तुला असे काही पाहावे लागत नाही, म्हणून जग पुढे गेल्याचे दिसते.

या खेपेला कारण नको, दगड हवा. चुलत्यांच्या घरी सगळे खुशाल. थोडी लाज आणि थोडी आठवण, दोन्ही असू दे.
बारकी

२८ मार्च

चि. बारकीस,
आशीर्वाद.

दगड पाठवतो आहे. उघडण्याआधी हे वाच.

त्याच्या मधोमध खळगा पडला होता. दगड सपाटच हवा, असे मी सगळीकडे ऐकले होते. म्हणून एका रविवारी काचेवर वाळूचा कागद चिकटवून तो घासत बसलो. संध्याकाळपर्यंत घासला. पिवळा थर नखाइतकाच जाड होता आणि खाली साधी राखाडी पाटी चिकटवलेली होती, हे मला कुठे माहीत? पाणी ओतले तर पिवळे सगळे वाहून गेलेले. पाच वर्षे झाली. बायकोलासुद्धा सांगितले नाही.

आता तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. पण अण्णांवरही माझा राग आहे. त्यांनी दगड दिला, त्याचे काही सांगितले नाही. मला जमेल असे धरून चालले, नेहमीसारखे. तुला सगळे शिकवले आणि मला नुसते दिले. याचा विचार कधी केलास?

त्यांना सांगू नकोस, एवढे ऐक. भावावरचा लोभ आटला असेल तर तसेही कळव.
दादा

६ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पुडके उघडले आणि तुझे पत्र दोनदा चुलीत घालायला निघाले होते. सहा वर्षे मी त्या दगडावरून मनात कुढत राहिले आणि पाच वर्षे तो नव्हताच!

त्याच रागात गुरुवारी एक गोष्ट केली. अण्णा हट्टाने नाही म्हणतात असा मला संशय होता. म्हणून चार वस्तरे टॉवेलवर मांडले. एक काळ्या दगडाचा, एक तुझ्या पांढऱ्याचा, एक त्या राखाडी पाटीवरचा, आणि चौथा मुद्दाम सुरुवातीच्या खरबरीत दगडावरून तसाच उचललेला. कुठला कोणता ते सांगितले नाही. त्यांनी चारही पाहिले आणि चारही वेळा म्हणाले, शेवटचा दगड लागलेला नाही. करवतीसारख्या धारेलाही तेच शब्द! आता पकडलेच, म्हणून तोंड उघडले, तर टॉवेल लाल झाला होता. अंगठा खोल कापला होता, आणि ते माझ्याकडे पाहत उत्तराची वाट बघत होते. त्यांना कळलेच नव्हते.

दादा, झटक्यापासून त्या अंगठ्याला काही जाणवत नाही. पाऊण तास मी तो दाबून धरला आणि उभ्या आयुष्यात बोलले नाही एवढे त्यांना बोलले. एका शब्दाने सांगितले असते तर काय बिघडले असते, म्हटले. मग ते म्हणाले की ज्या न्हाव्याला धार कळत नाही त्याने लोकांना काय म्हणून तोंड दाखवायचे. पिवळ्या दगडाचे नाव घेतले की काही दिवस निघतात, एवढेच त्यांना ठाऊक होते.

रक्त थांबल्यावर त्यांनी विचारले की माझ्यासारख्या चेहऱ्याला तू यातला कोणता घेशील. मी म्हटले, काळा. पण वीस नाही, साठ हात, नुसत्या पाण्यावर, वस्तऱ्याच्या वजनानेच, आणि मग चामड्याचा पट्टा. रक्त आले तर, म्हणाले. आले तर दाबून धरेन, म्हटले. ते उठले, पडदा सारला आणि दुकानात येऊन खुर्चीत मान मागे टाकून बसले. गिऱ्हाइके बसलेली असताना.

कुठेही टिपका आला नाही. उठताना सगळ्यांसमोर म्हणाले की आजपासून या दुकानातली धार बारकी ठरवेल, मला विचारू नका. मला रडू आले, आणि ते सहा वर्षे उशिरा बोलले म्हणून रागही आला. तो अजून आहे.

तुझ्यावरचाही आहे. तुला नुसते दिले, शिकवले नाही, हे तू लिहिलेस ते खरे आहे. त्यावर मी दोन दिवस विचार केला. पण दगडाचे मी त्यांना सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही. ते तू येऊन, त्यांच्यासमोर उभा राहून सांगायचे. येताना दाढी करून येऊ नकोस. तुझी मी करीन, आणि माझा हात हलका राहील की नाही, ते तू त्यांना किती खरे सांगतोस त्यावर आहे.

बाकी भेटीत. भांडण शिल्लक आहे, तेवढा जीवही आहे.
बारकी