बाबांच्या वाटचा घास

१९ जानेवारी

आज परत! शनिवार उजाडला की सासूबाई ताट घेऊन दारात हजर. ताटाच्या कडेला पेटलेली मेणबत्ती. डुकराच्या चरबीचे तुकडे, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, अक्रोड भरलेला गोड पाव, वर लाल सरबताची बाटली. सगळं व्हिओरेलच्या आवडीचं. ऑक्टोबरमध्ये गेला माझा नवरा, तेव्हापासून एक शनिवार चुकलेला नाही.

मेलेल्याच्या नावानं दिलेलं अन्न त्याला वर पोचतं, हे मलाही शिकवलंय. मग द्या ना शेजारणीला! चर्चच्या दारातल्या भिकाऱ्याला द्या! पण नाही – दान घ्यायला आमची इलिंका. अकरा वर्षांची पोर!

"खा गं माझी बाय. तू खाल्लंस की तुझ्या बाबाच्या पोटात जातं."

आणि ती खाते. मुकाट्यानं, शेवटच्या कणापर्यंत.

२ फेब्रुवारी

"दोरिना, पोरीला अंघोळ घालतेस की नाही? मान बघ कशी कळकट झालीय!"

म्हातारीनं तिला न्हाणीघरात नेलं आणि काथ्यानं मान घासली. पोर रडायला लागली तरी घासतेच आहे! मान लालबुंद झाली. काळं तसंच.

७ फेब्रुवारी

तो मळ नाहीच. डॉक्टर म्हणाले, रक्तात इन्सुलिन वाढलं की मानेची कातडी अशी काळी पडते. यकृतावर चरबी, साखर काठावर. अकराव्या वर्षी!

व्हिओरेलचं असंच सुरू झालं होतं. दिवसभर टॅक्सीत बसून राहायचं, बसल्या बसल्या काहीतरी तोंडात टाकायचं. आधी साखर, मग रक्तदाब. मग झोपेत घोरता घोरता श्वासच अडकायचा आणि मी त्याला हलवून जागं करायची. शेवटी हृदय. पंचेचाळिशीसुद्धा गाठली नाही त्यानं.

"कमी खायला द्या, बाई," म्हणे डॉक्टर. कसं सुचलं नाही मला! जसं काही मीच चमच्यानं भरवतेय! फी घेतली आणि पुढचा पेशंट आत.

१२ फेब्रुवारी

खेळाच्या मास्तरनं शाळेत बोलावलं. "ती फार धापा टाकते हो. डॉक्टरची चिठ्ठी आणा, तासातून सूट देतो. उद्या काही झालं तर माझ्या गळ्यात नको." म्हणजे जिला पळायची सर्वांत जास्त गरज, तिलाच बाकावर बसवा! पोरं तिला 'पिंप' म्हणतात, हे सांगितलं तर हा गृहस्थ हसला. "मुलंच ती!" हसला!! तळपायाची आग मस्तकात गेली. चिठ्ठीबिठ्ठी काही मिळणार नाही, म्हटलं, पळवा तिला.

१६ फेब्रुवारी

शनिवार. दार उघडलंच नाही. सासूबाई ताट जिन्यात ठेवून गेल्या. मी कपडे वाळत घालत होते तेवढ्यात इलिंकानं ते आत आणून संपवलंसुद्धा.

२ मार्च

मृतांचा मोठा शनिवार. सगळं गाव कबरस्तानात, प्रत्येक कबरीवर ताटं मांडलेली. पाद्रीबाबा धूप फिरवत होते आणि सासूबाईंनी इलिंकाच्या हातात गच्च भरलेलं ताट दिलं. मी म्हटलं, पुरे. आजपासून पुरे.

"पुरे? माझा लेक अर्धपोटी गेला, दोरिना! तू त्याला नुसत्या सूपवर ठेवलंस!"

"डॉक्टरनं सांगितलं होतं म्हणून ठेवलं! जगावा म्हणून!"

"मग जगला का?"

मी इलिंकाच्या हातातलं ताट हिसकावलं आणि खडीवर उपडं केलं. देवाच्या नावाचं अन्न, मातीत! बायकांनी छातीवर क्रुसाची खूण केली. सासूबाई गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा वेचायला लागल्या. मला जराही वाईट वाटलं नाही. खरंच नाही. ती म्हातारी माझ्या नवऱ्याला जेवू घालायच्या नादात माझ्या पोरीला मारतेय!

पण इलिंका किंचाळली. दफनाच्या दिवशीही जिच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता, ती. "ते बाबांचं होतं!"

तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.

३ मार्च

आज बोलली. ताटातल्या पावाकडे बघत.

"मला भूक नसतेच, आई. त्या दिवशी सकाळी बाबांनी माझ्या पावातला तुकडा मागितला होता. म्हणाले, फार भूक लागलीय, आईला सांगू नकोस. तू बजावलं होतंस ना, द्यायचं नाही म्हणून. मी नाही दिला. आणि दुपारी ते गेले."