देठासकट एक जोडी

प्रिय जिबेक,

हे पत्र बसवाले ओमुरझाककाका तुझ्या हातातच देतील. मी त्यांना बजावलंय, आजीच्या हातात दिलंत तर तुमच्याच बससमोर आडवा पडेन. ते म्हणाले, "पड की, पण चढावर पड, उतारावर माझे ब्रेक जरा कमी लागतात." फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन वाजला की आजी स्पीकर लावते. मग तू नुसतं "हो", "बरं", "इकडे गारठा आहे" म्हणत बसतेस आणि मागून आजी विचारते, मॉस्कोत बटाटे कसे आहेत रे. मी मॉस्कोत नाही, येकातेरिनबुर्गला आहे, हे तिच्या गळी कोण उतरवणार!

मी ऐकलं सगळं. आमच्या नुरझातताईचा फोन आला होता. इतमुरूनच्या फळांची तोडणी उरकली की जुम्गालचे लोक तुझ्या कानात डूल घालून लग्न पक्कं करायला येणार म्हणे. आजी तर त्यांना आत्ताच या म्हणत होती, पण तोडणी संपू दे म्हणून तूच अडून बसलीस. का, ते ताईला माहीत नाही. मलाही नाही. त्याकडे मी येतोच. पण आधी मला इतमुरूनबद्दलच विचारायचंय, खरंच विचारायचंय, हसू नकोस.

त्याचं झालं असं. माझ्या खोलीत सफरअली म्हणून एक ताजिक आहे. आम्ही दोघं मिळून फरशा बसवतो. खाणं म्हणजे पाव, शेवया आणि चहा, फार तर कांदा. त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दात घासले की ब्रश लाल. मला तुझ्या आजीचा इतमुरूनच्या चहाचा तो पोचे आलेला थर्मास आठवला आणि मी तडक औषधाच्या दुकानात गेलो. तिथे पोचल्यावर कळलं की इतमुरूनला रशियनमध्ये काय म्हणतात ते मला ठाऊकच नाही. आठवीत शाळा सोडली, आणि तोवरही रशियनच्या तासाला मी कुठे असायचो ते तुला माहितीच आहे. मग सरळ आपला शब्द फोडून सांगितला, इत म्हणजे कुत्रा, मुरून म्हणजे नाक. म्हटलं, बाई, कुत्र्याचं नाक द्या.

बाईंनी चष्मा काढला. "कुत्र्याला काय झालंय?" म्हटलं, कुत्र्याला नाही, मित्राला, हिरड्यांतून रक्त येतंय. "कुत्रा चावला का त्याला?" मागची रांग हसायला लागली. एक म्हातारा म्हणाला, "पोरा, जनावरांचा दवाखाना पलीकडच्या गल्लीत आहे हो!" शेवटी मी पिशवीवर झुडूप काढलं, काटे काढले, लांबट फळ काढलं, टोकाशी काळा झुपका काढला. "अरे देवा, शिपोव्निक! रानगुलाबाची फळं!" बाई म्हणाल्या आणि मागच्या फळीवरून खोकं काढून दिलं. खोलीवर परत आल्यावर सफरअलीनं सांगितलं की या नावात रशियनचा 'काटा' आहे. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. त्यांनी काट्यावरून नाव ठेवलं, आपण नाकावरून. म्हणजे त्यांनी आधी हात घातला असणार, आणि आपण आधी वाकून बघितलं असणार. मी एक वाळकं फळ हातात घेऊन पुष्कळ वेळ बघत बसलो. खरंच गं, टोक अगदी नाकासारखं आहे, सुरकुतलेलं, काळं. इतकी वर्षं तोडत होतो, बघितलं कधी नव्हतं.

पुढची गंमत ऐक. मी ती फळं ठेचली, पातेल्यात घातली आणि चांगली रटरटून उकळली. गाळायचं सुचलं नाही. खोलीतले सगळे एकेक पेला प्यायले आणि पाच मिनिटांत जो तो घसा खाकरायला लागला. सफरअली म्हणाला, "भावा, तू मला बरं करतोयस की घरी पाठवतोयस, खोक्यातून?" तेव्हा आठवलं, आतली लव! लहानपणी आपण तीच लव बियांसकट काढून मास्तरांच्या पोराच्या कॉलरमध्ये टाकायचो आणि तो वर्गात माकडासारखा नाचायचा. तीच मी आता सगळ्यांना घशातून पाजली होती.

मी पुन्हा त्या बाईंकडे गेलो. मला बघून त्या आधीच हसायला लागल्या, पण सांगितलं सगळं नीट. उकळायचं नाही. गरम पाणी ओतून थर्मासमध्ये सकाळपर्यंत ठेवायचं आणि दुहेरी फडक्यातून गाळायचं. यात लिंबापेक्षाही जास्त 'क' जीवनसत्त्व असतं, पण फार उकळलं की ते बरंचसं जातं. प्यायल्यावर चूळ भरायची, कारण आंबटानं दात झिजतात. मुतखडेवाल्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय पिऊ नये. आणि मित्राला दातांच्या डॉक्टरकडे ने, असं दोनदा बजावलं. नेला. डॉक्टरनं दात खरवडून साफ केले. आता रक्त थांबलंय. सफरअली शपथेवर सांगतो की कुत्र्याच्या नाकानं थांबलं. मला वाटतं दोन्हींनी थोडं थोडं. तुला काय वाटतं?

तुझी आजी म्हणायची, "उकळू नका रे, त्याचा जीव जातो." मला तेव्हा वाटायचं, फळाला कसला जीव? आता विचार ना तिला, हे तिला कुणी सांगितलं? आणि ती बाटली, चुलीपाशी ठेवलेली, बियांच्या तेलाची. सिमेंटनं माझ्या बोटांना अशा भेगा पडल्यात की हातमोजा काढताना सोबत कातडी निघेल असं वाटतं. बिया ओल्याच तेलात टाकायच्या की वाळवून कुटून? मुरांब्यासाठी तू केसांच्या पिनेनं बिया कोरून काढायचीस, ती पिन बोथट लागते ना? आणि सगळ्यात मोठं कोडं. आजीही म्हणते, बाईही म्हणतात, हिव पडायच्या आत तोडा, औषध तेव्हाच असतं. पण आपल्याला माहिती आहे, गोड लागतं ते हिव पडल्यावर. हे दोन्ही एकाच वेळी का नसतं?

तू म्हणशील, याला काय एवढ्या चौकशा. तू नेहमी म्हणायचीस, "तुझ्या पायात काटा नाही रे मोडलेला, तुझ्या पायांनाच काटे आलेत." इथेही आधी बेकरीत होतो, मग गाड्या धूत होतो, आता फरशा. निघालो त्या दिवशी तू थांब म्हणाली नाहीस आणि मीही वाट बघ म्हणालो नाही. तू फक्त विचारलंस, जाड मोजे घेतलेस का?

कोक-सायच्या वरचा तो उतार आठवतो? आपण इतके लहान होतो की झुडपं आपल्यापेक्षा उंच होती. एका देठाला दोन फळं लागलेली मला सापडली आणि ती मी तुझ्या कानावर अडकवली. खालून आजी ओरडली, "ए कुबात! मुलीच्या कानात काही घातलंस की मागोमाग मेंढी आणावी लागते, ठाऊक आहे ना?" मी ओरडलो, "आणीन की!" सगळे हसले. संध्याकाळी फळं निवडताना आजी एकेकाचा देठ खुडत होती. तिनं तुझ्या कानाकडे हात नेला तर तू कान झाकून धरलास. म्हणालीस, "हे डूल निवडायचे नाहीत."

सफरअलीचे दात आता ठीक आहेत आणि तेलाचं मी कुणालाही विचारू शकतो. पत्र लिहिलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. ओमुरझाककाका परत इकडे निघतील तेव्हा त्यांच्याबरोबर वाळवलेल्या इतमुरूनची एक पिशवी पाठव. निवडताना तू सगळे देठ खुडशीलच. पण त्यात एक जोडी देठासकट ठेव, ठेवावीशी वाटली तर. ती सापडली की मी त्याच बसनं परत येईन. आईच्या पेटीत तिच्या आईचे डूल आहेत, ती तुझ्याकडे घेऊन येईल आणि कबूल केलेली मेंढी मी स्वतः ओढत आणीन. नाही सापडली तर आम्ही चहा करून पिऊ, नीट गाळून, आणि तू जुम्गालचे डूल घाल. सुखात राहा. माझा राग धरणार नाहीस ना, एवढंच नंतर कधीतरी कळव. फक्त एक शंका आहे. वाळल्यावर फळं देठाला टिकतात का? की एवढ्या लांबच्या रस्त्यात धक्क्यांनी गळून पडतात? ते मला खरंच माहीत नाही. उगाच मी रिकामा देठ शोधत बसायचो. म्हणून ठेवलीस तर दोऱ्यानं घट्ट बांध.

मेंढी अजून देणं असलेला, तुझाच,
कुबात