नवाब मेंढ्याचा ताबा माझ्यामागे कोणाकडे जावा

मी, दीपिका मुंजाजी देवकते, वय २६, व्यवसाय सीसीटीव्ही कॅमेरे बसवणे व दुरुस्ती, राहणार मौजे खडकवस्ती, तालुका पालम, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. उद्या परभणीला माझ्या पित्ताशयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, साधे आहे, काळजीचे कारण नाही. आणि लगेच काहीही होऊ शकते अशा अर्थाच्या कागदावर माझी सही घेतली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, म्हणून ही तजवीज. माझे पोट ठिकाणावर नाही, डोके आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आजीने आणून पाहिले, पण ते मी हे लिहू नये म्हणून होते: "चांगल्या दिवशी असलं अभद्र कशाला लिवायलीस, दिपे?"

१. राहते घर वडिलांच्या नावावर आहे आणि पालमचे दुकान भाड्याचे आहे, त्यामुळे दोन्ही मला देता येत नाहीत. दुकानातील ड्रिल मशीन, मल्टिमीटर, वायरची उरलेली बंडले आणि अ‍ॅल्युमिनियमची शिडी माझी चुलतबहीण भक्ती हिला द्यावी. शिडीची वरून दुसरी पायरी हलते. ती पक्की केल्याशिवाय चढू नये. "नंतर करू" म्हणून ठेवलेले काम आमच्या घरात कोणी नंतर केलेले नाही.

२. बँकेत जे असेल ते आजी नर्मदाबाई हिच्या दातांच्या कवळीसाठी वापरावे. ती नको म्हणेल, ऐकू नये. कवळी बसल्यावर ती मटणाचा विषय काढील. त्या विषयासाठी कलम ४ पाहावे.

३. माझा मोबाईल कोणी उघडून पाहू नये. थेट फॉर्मॅट करावा. आत काही नाही. तरीही.

४. आता मेंढा. नवाब नावाचा मेंढा माझा आहे की नाही, यावरच खटला चालू असल्याने तो मला मृत्युपत्राने देता येत नाही. मात्र निकाल लागेपर्यंत न्यायालयाने तो माझ्या ताब्यात दिला आहे, आणि मागतील तेव्हा जिवंत हजर करीन असे मी लिहून दिले आहे. मी मेले तर हा शब्द कोण पाळणार, एवढाच माझ्या मरणातला गंभीर प्रश्न आहे. नवाब जिवंत राहावा असे वाटणारे लोक गावात फार नाहीत. त्याची कारणे पुढे देत आहे.

५. नवाबची आई त्याला जन्म देऊन मेली. आजीने ते कोकरू माझ्या मांडीवर टाकले आणि म्हणाली, "जगवलंस तर तुझं." मी बाटलीने दूध पाजून जगवले. पुढे मी डिप्लोमाला असताना तिनेच म्हसोबाला नवस केला की पोरगी पास झाली तर हाच मेंढा देईन. दुसऱ्याच्या मेंढ्यावर केलेला नवस त्या दुसऱ्याला बंधनकारक नसतो, हे माझे पहिले म्हणणे. नवस एका दमात पास होण्याचा होता आणि मी गणितात एकदा नापास झाले, हे दुसरे. नापास झाल्याची गुणपत्रिका लोक लपवतात. मी ती प्रमाणित करून न्यायालयात दाखल केली आहे. आजीला साक्षीत विचारले तेव्हा ती म्हणाली, "साहेब, म्या काय बोलले ते म्हसोबाला इचारा. माझं आता वय झालं." आजीची स्मरणशक्ती उत्तम आहे. त्या उत्तराबद्दल मी तिची ऋणी आहे.

६. गुन्हा असा घडला. सन २०२४ च्या आषाढात माझे चुलते भागवतकाका, म्हणजे भक्तीचे वडील, यांनी मला न विचारता कंदुरी ठरवली. कंदुरी म्हणजे मेंढा देवाला देऊन गावजेवण. मी त्या दिवशी गंगाखेडला एका दुकानात शिडीवर होते. भक्तीचा फोन आला.

"ताई, पप्पानं नवाबला नेलंय! हळद लावायलेत त्याला!"

"कुठं?"

"म्हसोबाला. लवकर ये. आन् माझं नाव सांगू नको."

तिचे नाव मी आजपर्यंत सांगितलेले नाही. आता काका हे वाचतीलच, तर त्यांनी तिला काही बोलू नये, ही शेवटची इच्छा समजावी.

मी खाली उतरून पोलिसांना फोन केला आणि एसटी पकडली. मेंढवाड्यावरचा कॅमेरा मीच बसवलेला असल्याने पुढचा भाग चित्रित आहे. काका येतात. कॅमेऱ्याकडे पाहून टोपी नीट करतात. नवाबला दोरी लावून बाहेर नेतात. मग एकटे परत येतात आणि कॅमेऱ्यावर टॉवेल टाकतात, पुरावा राहू नये म्हणून.

नवाब शोभून दिसावा यासाठी काकांनी त्याला गोडेतेल चोळून वर हळद फासली होती. आमच्याकडे अशी रीत आहे की जनावरावर पाणी शिंपडतात. त्याने अंग झाडले म्हणजे देवाने मान्य केले. झाडल्याशिवाय सुरी लावत नाहीत. नवाबवर तांब्याभर पाणी शिंपडले. ते लोकरीवरून घसरून खाली गेले. आणखी एक तांब्या. मग बादली. नवाब रवंथ करत उभा. काका त्याच्यापुढे हात जोडून म्हणत होते, "झाड रे राजा, गाव उपाशी हाय." शेजारच्या चतुराबाई म्हणाल्या, "भागवत, देव न्हाई म्हनायलाय. तू कशाला मधी पडायलास?" पाण्याचा टँकर बोलवावा का यावर चर्चा चालू असताना मी पोहोचले, आणि माझ्यामागे हवालदार. हवालदारांना कंदुरीचे आमंत्रण होतेच; माझ्या फोनने त्यांच्या येण्याचे फक्त कारण बदलले.

देवाने मेंढा नाकारला, असे गाव मानते. तेल आणि पाणी यांच्याविषयी माझ्याकडे एक तांत्रिक खुलासा आहे. नवाबच्या सुरक्षिततेसाठी तो मी या दस्तात घालत नाही.

७. त्या दिवशी मटणासाठी वाटलेला मसाला आचारी रंगनाथ यांनी वांग्यांना लावला. त्यांचे मत: "वांगं लय भारी झालं होतं, पण पंगत मटणाचं तोंड करून आली होती." तेव्हापासून गावातले काही पुरुष मला पाहून "वांगीताई" म्हणतात. त्यांना मी काही ठेवत नाही. त्यांच्या घरचे कॅमेरे बंद पडल्यास भक्तीने दुप्पट उशिरा जावे. ही मंडळी अजून म्हणतात, "म्हसोबा त्या दिवशी न्हाई म्हनला, पुढच्या आषाढात पुन्हा इचारू." धोका तो हाच.

८. नवाबला सांभाळणाऱ्यासाठी सूचना. पंचनाम्यात "पिवळ्या रंगाचा मेंढा" असे लिहिले आहे, कारण त्या दिवशी तो पिवळा होता. पहिल्या तारखेला मी त्याला धुऊन नेले, तर काकांचे वकील उभे राहिले: "जप्त मेंढा पिवळा आहे, हजर मेंढा पांढरा आहे, सबब हा तो नव्हे." त्यामुळे प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी हळद लावावी आणि लावल्याचे न्यायालयाला लेखी कळवावे. तेल लावू नये. परवानगीने कातरलेली लोकर पोत्यात आहे. तीही मुद्देमाल आहे, तिची उशी करू नये. वकिलांच्या काळ्या कोटाला नवाब धडक देतो. दोरी आखूड धरावी.

९. ताबा कोणाकडे, याचा मी नीट विचार केला. वडील मेंढरांमागे रानोमाळ असतात. आजीला कवळी येणार. भक्ती आषाढात कॉलेजला असेल. गावातला दुसरा कोणीही पंगतीपुढे नमेल. म्हणून न्यायालयास माझी विनंती आहे की माझ्या पश्चात नवाब आरोपी भागवतकाका यांच्याच ताब्यात द्यावा. चोरीचा आरोप असलेल्या माणसाच्या हातून तोच मेंढा पुन्हा नाहीसा झाला, तर त्याचे म्हणणे कोणीही ऐकणार नाही. हे काकांना कळते. गावाने कितीही आग्रह केला तरी नवाबच्या केसाला धक्का लागू न देणारा हा एकमेव माणूस आहे.

आणखी एक कारण आहे, ते फुटेजमध्ये आहे. मी दुकानात असले की काका मेंढवाड्यात येतात, कमरेची भाकरी काढून नवाबला चारतात आणि म्हणतात, "खा गद्दारा. तुझ्यापायी कोर्टाची पायरी चढलो. खा." भाकरी संपल्यावर कॅमेऱ्यावर टॉवेल टाकतात.

१०. भागवतकाकांनी ताबा घेण्यास नकार दिल्यास

(कलम १० चा उर्वरित भाग, म्हणजे पानाचा खालचा कोपरा, सह्या होण्यापूर्वी नवाबने खाल्ला. साक्षीदार बसले होते, मी शाईचे पॅड आणायला आत गेले होते आणि काका त्याला भाकरी चारायला आले होते. भाकरी संपली होती.)

काका म्हणाले, "काय लिवलं होतंस तिथं?"

"माझ्यामागं नवाबचा ताबा घ्यायला तुम्ही नाही म्हणालात तर काय करायचं ते."

"मंग पुन्हा लिव की."

"नाही."

"म्हंजे मला न्हाई म्हनायची सोयच ठेवली न्हाई व्हय?"

"मी ठेवली होती. त्यानं खाल्ली."

काकांनी नवाबकडे पाहिले. नवाबने अंग झाडले. चतुराबाईंनी हात जोडले, रंगनाथ "झालं!" म्हणाले, आणि काकांनी कोणी काही बोलायच्या आत नवाबची दोरी स्वतःच्या मनगटाला गुंडाळली. "खबरदार," ते म्हणाले. "कोर्टाचा हाय त्यो."

त्यामुळे कलम १० रद्द समजावे. खाल्लेल्या जागी इतर कोणतीही तरतूद नव्हती, हे साक्षीदारांना माहीत आहे. हे सर्व त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवले, त्यांच्यादेखत मी सही केली व माझ्यादेखत त्यांनी.

सही: दीपिका मुंजाजी देवकते

साक्षीदार:
१. रंगनाथ, आचारी, राहणार खडकवस्ती (सही)
२. चतुराबाई, राहणार खडकवस्ती (डाव्या अंगठ्याची निशाणी, बाजूचा पिवळा डाग हळदीचा आहे, उद्या तारीखही आहे. नवाबला काका नेतील.)

ठिकाण: मौजे खडकवस्ती, ता. पालम, जि. परभणी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६