दोन्हीकडचं टर्मिनल

अँटॉप हिल, मुंबई
१२ फेब्रुवारी १९९४

प्रिय मालन,

सप्रेम नमस्कार. मिठबावला तुम्ही सगळी खुशाल असाल. भावोजींचा खोकला कमी झाला का? आम्ही इकडे ठीक.

आमच्या ऑफिसातली जुनी टर्मिनलं गेल्या आठवड्यात भंगारात काढली. तुला आठवतात? संपाच्या वर्षी दसऱ्याच्या पूजेला तू लोअर परळला आली होतीस. तेव्हा दोन होती. डावीकडचं गिरणीच्या कंप्युटरला जोडलेलं, उजवीकडचं औषधाच्या कारखान्याच्या. खरे कंप्युटर दूर, त्यांच्या-त्यांच्या कचेरीत. आमच्याकडे नुसता पडदा आणि बटणं. एकाची भाषा दुसऱ्याला कळायची नाही, म्हणून मी दिवसभर खुर्ची इकडून तिकडे सरकवत बसायचे. तू एकेक बटण शोधत 'मालन' लिहिलंस. हिरवी अक्षरं उमटली तशी ओरडलीस, "गो बाय, माझां नाव टीव्हीवर इला!" आमचे हेरंब सरसुद्धा हसले. गिरण्या बंद, भावोजी घरी, तरी त्या दिवशी किती हसलो आपण.

काल कोंडीरामभाऊ आले होते, तुमच्या शेजारच्या खोलीतले. फार थकलेत. संपात ते गुपचूप कामावर गेले, म्हणून पुढे भावोजी औषधाच्या कारखान्यात लागले आणि संपकरी म्हणून त्यांना तिथून काढलं, तेव्हा चहाडी कोंडीरामभाऊंनीच केली, असं सगळी चाळ म्हणाली. तूही त्यांच्या दारावरून तोंड फिरवून जायचीस.

भावोजींचा विषय काढून मला म्हणाले, "लतिका, तुझं अक्षर चांगलं. गुणाजीला माझ्या नावानं चार ओळी लिही. मी कामावर गेलो, ते खरं. पण त्याचं नाव मी कुणाला दिलं नाही. तो कुठं लागलाय, हेच मला ठाऊक नव्हतं."

मी लिहिलं. त्यांनी सही केली आणि विचारलं, "तुला तरी पटतं ना?"

मी चहा ठेवायला आत गेले.

मालन, पटायचा प्रश्नच नाही. मला माहीत आहे.

त्र्याऐंशीच्या जूनमध्ये आमच्याकडे नवं टर्मिनल आलं. खटका एकीकडे केला की गिरणी, दुसरीकडे केला की कारखाना. आम्ही पेढे वाटले. दोन्हीकडचे मालक नात्यातले. हेरंब सर म्हणाले, "गिरणीचे किती संपकरी कारखान्यात लागलेत, तेवढी नावं जुळवून दे." सतरा जुळली. अकरावं होतं, गुणाजी तुळशीदास परब, मु. मिठबाव.

सर जेवायला गेले होते. माझ्या मागे कुणी उभं नव्हतं. नाव गाळलं असतं तर बहुतेक कळलंही नसतं. पण पुढच्या महिन्यात मी कायम होणार होते. कुणी पुन्हा तपासलं तर, एवढ्या भीतीनं मी ते टाइप केलं. बाकीच्या सोळा जणांचा तर विचारही केला नाही. त्यांना मी ओळखत नव्हते, एवढंच.

गणपतीच्या आधी तुम्ही गाव गाठलंत. एसटी स्टँडवर माझ्या गळ्यात पडून तू म्हणालीस, "इथं तू एकटीच माझी." तेव्हा सांगता आलं असतं. नंतर दर दिवाळीला पत्र लिहिताना सांगता आलं असतं. मी तुला फराळाचं विचारत राहिले.

भाऊंचं पत्र सोबत आहे. त्याच्याबरोबर माझंही भावोजींना वाचून दाखव, लपवू नकोस. मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. भाऊंना मात्र लवकर लिहा. ते अजून त्याच खोलीत राहतात.

दर वेळी शेवटी 'तुझीच' लिहिते. या वेळी ते तू ठरव.

लतिका