जास्वंदीचा उपास

॥ श्री ॥

बोनकोडे, कोपरखैरणे
११ नोव्हेंबर २०२५

चि. मुक्ताबाईस दादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून बोललं की मला धाप लागते, म्हणून पत्र. कंबर आहे तशीच. मार्केटात जन्मभर वाहिलेल्या गोण्या अजून पाठीवरच आहेत असं वाटतं.

आमच्या गीतूचं दहावीचं वर्ष. विज्ञान म्हणायला एकच विषय, पण त्यात झाडं, वीज, आम्ल, भिंगं सगळं कोंबलंय. नात वाचून वाचून सुकली. चाचणीत मार्क कमी पडल्यापासून म्हणते, आबा, सायन्स माझ्यासाठी नाहीच. आता वर्गात एक प्रयोग दाखवायचा आहे. तो फसला तर अकरावीला सायन्सचं नाव काढणार नाही म्हणते. माझ्या जिवाला घोर.

आणि प्रयोग कसला, तर तुझ्या वहिनीच्या हातची जास्वंद तिनं कपड्यांच्या कपाटात कोंडली. हात लावू नका म्हणाली. मुक्ते, जिवंत झाड अंधारात! बघवेना. घरातले बाहेर पडले की मी कुंडी गॅलरीत उन्हाला ठेवतो आणि ती यायच्या आत परत कपाटात. कोणाला पत्ता नाही. उद्या ती पानं शाळेत नेणार. देव तिला यश देवो.

गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा दादा,
शिवराम


कोरेगाव
१६ नोव्हेंबर २०२५

ती. दादास मुक्ताचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून हसले. आमच्या विश्वजितला वाचून दाखवलं. तोही नातवंडच, नववीतलं. त्यानं कपाळावर हात मारला. म्हणाला, झाड उजेडात आपलं अन्न करतं. अंधारात ठेवलं की पानातला अन्नाचा साठा संपतो, मग पानावर आयोडीन टाकलं तरी ते निळं होत नाही. गीतूला तेच दाखवायचं असणार.

हरतालिकेला मला चोरून भाकरी देणारा तूच. आता झाडाचाही उपास मोडलास! पण दादा, पोरीला सांगून टाक. रागावेल तर रागावू दे. स्वतःचं चुकलं असं तिला वाटत राहायला नको.

थंडीत पहाटे फिरायला जाऊ नकोस. बहिणीचं एवढं तरी ऐक.

तुझी,
मुक्ता


बोनकोडे, कोपरखैरणे
२३ नोव्हेंबर २०२५

चि. मुक्ताबाईस आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधीच व्हायचं ते झालं होतं. वर्गात सगळ्यांसमोर पान काळंनिळं पडलं, मुलं हसली. घरी येऊन तिनं विज्ञानाचं पुस्तक माळ्यावर टाकलं. मला कळेना काय बिघडलं.

तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं. जेवताना सांगितलं. सूनबाई हातातला डाव तसाच धरून राहिली. वाटलं, नात तुटली आता. आणि पोरीनं विचारलं काय, तर ऊन सकाळचं दाखवलंत की दुपारचं? मी म्हटलं, दुपारी चांगलं कडक. तशी ताटावरून उठली. म्हणाली, आबा, म्हणजे ऊन मिळालं म्हणूनच पान निळं झालं, माझं काहीच चुकलं नव्हतं! उष्ट्या हातानंच स्टुलावर चढून पुस्तक खाली काढलं. मॅडमनी प्रयोग पुन्हा करायला सांगितलाय.

जास्वंद परत कपाटात आहे. या खेपेला कुलूप घातलंय आणि किल्ली तिनं माझ्याकडेच दिली आहे. नको नको म्हटलं, तरी बंडीच्या खिशात टाकून गेली. गोणीपेक्षा जड वाटते. बाहेर ऊन चांगलं पडलंय. मी कपाटाकडे पाठ करून तुला लिहीत बसलोय.

माया आटू देऊ नकोस.

तुझा दादा,
शिवराम